अस्तराखालचे पाणी

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या जुन्या मोटारीच्या दाराचा खालचा भाग गंजला होता, म्हणून मी ती एका ओळखीच्या कारागिराकडे दिली. दिवस आषाढाचे होते. त्याने पत्रा घासून लखलखीत केला आणि त्यावर राखाडी अस्तर, म्हणजे आपण ज्याला प्रायमर म्हणतो ते, मारले. रंगाचा डबा यावयास उशीर झाला, म्हणून गाडी आठ दिवस उघड्या छपराखाली तशीच उभी राहिली. चतुर्थीला ती घरी आली तेव्हा दारात चेहरा पाहून घ्यावा अशी तकाकी होती. दिवाळीला पाहतो तो दाराच्या कडेने मोहरीएवढे फोड! एक फोड नखाने उकरला, तर आत पाण्याचा थेंब आणि त्याखाली तांबूस डाग. कारागीर म्हणाला, रंग हलका निघाला. रंगाचा दुकानदार म्हणाला, हात हलका पडला. वस्तुतः दोघांचेही म्हणणे खरे नव्हते. खरा अपराधी अस्तराखाली दडून बसलेले पाणी हा होता.

गंज चढण्यास लोखंडाला पाणी आणि प्राणवायू हे दोन्ही लागतात. त्यांत मीठ मिसळले, की हे काम झपाट्याने होते; समुद्रकाठच्या गाड्या लवकर का गंजतात, याचे उत्तर येथेच आहे. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाखाली स्वस्थ बसत नाही. वरचा थर उचलतो, फोडतो आणि आत आणखी पाण्याला वाट करून देतो.

आता कोणी विचारील की, हे सर्व टाळण्यासाठीच तर अस्तर असते ना? येथेच आपला गैरसमज होतो. पत्र्याचे बारीक खळगे भरून काढणारे, घासावयास सोपे असे जे राखाडी अस्तर सामान्यतः वापरले जाते, त्यात शंखजिऱ्यासारखी खनिज पूड पुष्कळ असते. तिच्यामुळे ते छान घासले जाते, पण त्याच कारणाने ते सच्छिद्रही राहते. लांबी, म्हणजे पुट्टी, हिचीही तीच जात. हे थर छत्रीसारखे पाणी अडवीत नाहीत, टिपकागदासारखे ते शोषून घेतात. वरून शेवटचा रंग बसेपर्यंत केवळ अस्तर मारलेली गाडी ही जवळजवळ उघडीच गाडी समजावी.

फोड कसा येतो, तेही पाहण्यासारखे आहे. साफ केलेल्या पत्र्यावर घामट बोट टेकले, की घामातील क्षार तेथे राहतात. क्षारयुक्त विहिरीच्या पाण्याने पत्रा धुऊन तो तसाच वाळू दिला, तरी तेच होते. रंगाचा पापुद्रा पाण्याच्या वाफेला पूर्ण बंदी करीत नाही, ती सावकाश आत झिरपते. खाली क्षार असले, की ते तिला खेचून घेतात आणि तेवढ्याच जागी थेंब साठून फोड उभा राहतो. म्हणून शेवटचे धुणे स्वच्छ, क्षाररहित पाण्याने करावे, पत्रा लगेच कोरडा करावा, तेलकटपणा काढणाऱ्या द्रवात भिजविलेल्या फडक्याने पुसून दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावा, आणि नंतर त्याला उघडा हात लावू नये.

पण पत्रा डोळ्यांना कोरडा दिसला, म्हणजे तो कोरडा असतोच असे नाही. बर्फाचे पाणी भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो, हे आपण रोज पाहतो. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन बसते, त्याला दवबिंदू म्हणतात. हवा 30 अंश सेल्सियस आणि आर्द्रता शेकडा 80 असेल, तर दवबिंदू सुमारे 26 अंशांवर येतो. रात्रभर गारठलेला पत्रा सकाळी सहज त्याच्याही खाली असतो. उलट, 25 अंशांची हवा आणि शेकडा 40 आर्द्रता असा माळव्यातील हिवाळ्याचा एखादा कोरडा दिवस घेतला, तर दवबिंदू 10 ते 11 अंशांवर उतरतो आणि धोका फारसा राहत नाही. पोलादावर रंगकाम करणाऱ्यांचा सर्वमान्य नियम असा, की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी अधिक असावे आणि आर्द्रता शेकडा 85 च्या वर असता काम करू नये. आर्द्रतामापक आज स्वस्तात मिळतो. तो कारखान्याच्या भिंतीवर असणे हे चांगल्या स्प्रे गनइतकेच अगत्याचे आहे.

पाणी आणखी दोन चोरवाटांनी येते. सुई टोचण्यापूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरविला की गारवा वाटतो. तसाच थिनर उडून जाताना पत्रा गार होतो, आणि दमट हवेत त्यावर बाष्प बसते. काही रंगांवर दिसणारी पांढुरकी झाक ही त्याचीच खूण. दुसरी वाट कॉम्प्रेसरची. हवा दाबली की तिच्यातील बाष्प टाकीत पाणी होऊन साठते. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडली नाही आणि नळीवर पाणी गाळणारे साधन बसविले नाही, तर तेच पाणी रंगाबरोबर पत्र्यावर उडते.

मग करावे काय? पहिली गोष्ट, जेवढा पत्रा त्याच दिवशी झाकता येईल, तेवढाच उघडा करावा. दमट हवेत घासलेल्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस छटा येते, आणि तिच्यावर मारलेले अस्तर म्हणजे गंजाला घातलेले पांघरूण होय. खळग्यांत रुतलेला गंज मुळापासून काढावा. त्यासाठी फॉस्फॉरिक आम्ल वापरले, तर ते पूर्ण धुऊन पत्रा उबेने वाळवावा. दुसरी गोष्ट, उघड्या पोलादावर प्रथम दोन भाग मिसळून करावयाचे इपॉक्सी अस्तर द्यावे. ते नीट मुरल्यावर पाण्याला पुष्कळच अडविते. लांबी आणि राखाडी अस्तर ही त्याच्यावर यावीत, त्याच्याखाली नव्हेत. आम्लयुक्त अस्तरावर इपॉक्सी देण्यास बहुतेक उत्पादक मनाई करतात, हेही लक्षात ठेवावे. तिसरी गोष्ट, लांबी आणि अस्तर शक्यतो कोरडेच घासावे, मात्र तोंडाला धुळीची योग्य मुखपट्टी लावून. पाणी लावून घासलेच, तर पुढचा थर देण्यापूर्वी गाडी उबेत पुरेसा वेळ वाळू द्यावी. शेवटची गोष्ट, दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात, ती रंगाने वा लांबीने कधीही बुजवू नयेत. पुष्कळदा गंज बाहेरून येतच नाही, तो आतून येतो.

मोठ्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात बुडवितात, मग विजेच्या साहाय्याने अस्तर कानाकोपऱ्यापर्यंत बसवितात आणि भट्टीत भाजून पक्के करतात. आपल्या गल्लीतील कारागिराजवळ ना ती टाकी, ना ती भट्टी. त्यांची उणीव भरून काढण्यास त्याच्याजवळ दोनच साधने आहेत: स्वच्छता आणि सबुरी. गोव्याच्या पावसाळ्यात, जेथे वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, सबुरी हे दोहोंपैकी अधिक महाग साधन आहे, कारण ती कारागिराच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या हाती असते.

हा प्रश्न केवळ शोभेचाही नाही. दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ पट्टी बहुतेक मोटारींत सांगाड्याचा भार वाहते. चकचकीत रंगाखाली ती पोखरली गेली, तर अपघाताच्या क्षणी तिचा आधार उरत नाही, आणि तोपर्यंत कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून, श्रोतेहो, आपला कारागीर जर म्हणाला, “साहेब, आज हवा फार दमट आहे, आणखी दोन दिवस थांबा,” तर त्याला कामचुकार म्हणू नका. सणापूर्वी गाडी हवी, म्हणून त्याच्यामागे तगादा लावू नका. मी लावला होता. त्या चतुर्थीला माझी गाडी वेळेवर आली खरी. पण पुढच्या वर्षी तेच दार पुन्हा घासावे लागले, आणि त्याचे पैसे निम्मे त्याने सोसले, निम्मे मी.