'तण' ही संज्ञा आणि परागवाहक कीटक

'तण' ही वनस्पतिशास्त्रातील संज्ञा नव्हे, ती व्यवहारातील होय. संस्कृत 'तृण' या शब्दापासून ती सिद्ध झाली. मूळ अर्थ गवत एवढाच. 'पिकास बाधक' ही अर्थच्छटा तिला मराठीत जडली आहे. शेतात ही छटा सार्थ ठरते. नगरातील उद्यानात मात्र पीकच नसते, तरीही शब्द तोच लावला जातो आणि त्यामागोमाग कापणीचे यंत्र येते. वस्तुतः आघाडा हा माळ्याच्या लेखी तण, तर भाद्रपदात पूजकाच्या लेखी पत्री होय. टाकळा व केना यांची पावसाळ्यात भाजी होते.

कीटकांच्या दृष्टीने हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. गवताचे परागण वाऱ्याने होते व त्याच्या फुलांत मध नसतो. त्यामुळे केवळ गवताची, वारंवार कापलेली हिरवळ मधमाशीला जवळजवळ उपाशी ठेवते. त्याच हिरवळीत उगवणारी एकदांडी फुलपाखरांना व लहान माश्यांना मध पुरविते. टाकळ्याच्या फुलांत मध नसला, तरी माश्यांना पराग मिळतो. आंबुटीच्या पानांवर एका चिमुकल्या निळसर फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात. दर पंधरवड्यास यंत्र फिरले म्हणजे फुलांबरोबर या अळ्याही नष्ट होतात.

ब्रिटनमध्ये 'प्लँटलाइफ' या संस्थेने २०१९ पासून मे महिन्यात हिरवळ न कापण्याची मोहीम चालविली आहे. तेथे तो वसंतऋतू असतो. महाराष्ट्रात मे महिन्यात माळ करपलेला असतो; येथील रानफुलांचा मुख्य बहर श्रावणापासून कार्तिकापर्यंतचा. तेव्हा अनुकरण करावयाचे ते तत्त्वाचे, महिन्याचे नव्हे.

तथापि न कापणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. एकदांडी आणि गाजरगवत ही दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. परंतु गाजरगवताने त्वचेचे व श्वसनाचे विकार उद्भवतात, म्हणून ते फुलण्यापूर्वीच उपटणे इष्ट. वाटांच्या कडा कापाव्यात, उरलेला भाग राखावा आणि बी गळून गेल्यावर एकदाच विळ्याने कापून गवत उचलून न्यावे. अनेक एकांडी माश्या जमिनीत बिळे करतात. त्यांच्यासाठी थोडी उघडी मातीही असू द्यावी.

'तण काढा' या आज्ञेत हा विवेक सामावत नाही. 'गाजरगवत काढा, एकदांडी राखा' असे नाव घेऊन सांगितले, तरच माळ्याला तो पाळता येईल.