कर्ज न काढता हळदीकुंकू : हजार रुपयांत तीस जणी



जानेवारी जवळ आला की गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. अर्जात कारण लिहिले असते 'घरखर्च'. विचारले तर हळूच कळते, संक्रांतीचे वाण आणायचे आहे. "मागच्या साली तिनं स्टीलचे डबे लुटले, मग मी काय प्लास्टिकची चाळणी लुटू का?" असे आपण एकमेकींना म्हणतो, हसतो आणि खर्च मात्र करून बसतो.

जरा हिशेब करून पाहू. समजा, हळदीकुंकवासाठी गटातून ३,००० रुपये घेतले. व्याज महिन्याला शेकडा दोन. दहा महिन्यांत ३०० रुपये मुद्दलाप्रमाणे फेडायचे. पहिल्या महिन्यात व्याज ६० रुपये, दुसऱ्यात ५४, असे उतरत उतरत एकूण व्याज होते ३३०. पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. हळदीकुंकू जानेवारीत झाले, पण शेवटचा हप्ता पडतो नोव्हेंबरात. म्हणजे मधे खरीप आला, शाळेची पुस्तके आली, दिवाळी आली, तरी आपण संक्रांतीचे डबेच फेडत असतो. आणि त्यातच कोणी आजारी पडले तर दुसरे कर्ज मागायला तोंड उरत नाही.

हळदीकुंकू करू नका, असे कोणी म्हणत नाही. बायकांना एकमेकींच्या घरी निवांत बसायला वर्षातून असे दिवस किती मिळतात? करायचेच, पण हजार रुपयांच्या आसपास. कसे, ते बघू.

दिवस आणि वेळ

हळदीकुंकू संक्रांतीलाच केले पाहिजे असे नाही. माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमीपर्यंत कधीही चालते. आपल्या कोराडी-महादुला भागात कोणाच्या घरी वीज केंद्रातली पाळी असते, कोणी कापूस वेचायला जाते. त्यामुळे रविवार बरा. वेळ दुपारी तीन ते साडेपाच ठेवा. जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. थंडीत, अंधारात लेकरं घेऊन परतणे कोणालाच नको असते. तीळ-गूळ मात्र सणाच्या आठवड्यात घेऊ नका, आधीच घेऊन ठेवा. ऐन सणात भाव चढतो.

खायला काय?

एक गोड, एक खारे आणि अर्धा कप चहा. एवढे पुरे. समोसे, ढोकळा, आइस्क्रीम यांनी खर्च वाढतो, आणि दिवसभरात तीन घरी जाऊन आलेली बाई तसेही चाखूनच ठेवते.

लाडू पाकाचे न करता कुटाचे करा. अर्धा किलो तीळ आणि पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर वेगवेगळे भाजा. गार झाल्यावर जाडसर कुटा. त्यात अर्धा किलो किसलेला गूळ घालून पुन्हा कुटा, म्हणजे तेल सुटून लाडू वळला जातो. पाक बिघडायची भीती नाही, गॅसही वाचतो. सवा किलोत लहान लाडू साठेक होतात, म्हणजे तीस जणींना दोन-दोन.

खाऱ्यासाठी आपला कच्चा चिवडा. एक किलो मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, कच्चे तेल, तिखट, मीठ. कांदा, सांबार आणि लिंबू अगदी वेळेवर घाला, नाहीतर मुरमुरे सादळतात. थोडा थोडा कालवत राहा, सगळा एकदम नको.

चहाला दीड लिटर दूध आणि तेवढेच पाणी घेतले तर तीस जणींचा अर्धा-अर्धा कप होतो.

प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याऐवजी पळसाचे द्रोण वापरा. गटाने एकदाच चाळीस स्टीलच्या प्लेटा घेऊन ठेवल्या तर आणखी चांगले. घरच्या कार्यक्रमांना त्या भाड्याने देता येतील आणि गटाला चार पैसेही मिळतील.

वाण कोणते लुटायचे?

वाणाला दहा रुपयांची हद्द घाला. तीस जणींचे तीनशे. दहा रुपयांत काय येते? मेथी-पालकाच्या बियांची पुडी, मेथीची जुडी, अंगाचा लहान साबण, गटातच कांडलेल्या हळदीची पुडी. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी दिली तर बाजाराला जाताना दर आठवड्याला तुमची आठवण निघेल. कोणाच्या घरचा गृहउद्योग असेल तर वाण तिच्याकडूनच घ्या; पैसा गटातच फिरतो.

आता तीळ, गूळ, मुरमुरे, दूध, साखर, फुले आणि वाण यांना आपल्या दुकानातला भाव लावून बेरीज करा. हजाराच्या आसपास बसते.

एकत्र केले तर?

एका गल्लीतल्या पाचजणी पाच दिवस हळदीकुंकू करतात, आणि येणाऱ्या बायका बहुतेक त्याच असतात. पाचजणींनी एकाच अंगणात केले, प्रत्येकीने २५० रुपये टाकले, तर १,२५० रुपयांत काम होते. चार दुपारी वाचतात त्या वेगळ्याच.

किंवा संपूर्ण गटाने या फेब्रुवारीपासून दर महिन्याला २० रुपये बाजूला काढावे. दहा जणींचे वर्षाला २,४०० होतात. ही रक्कम नियमित बचतीत मिसळू नका. वहीत वेगळे पान करा आणि दर महिन्याची नोंद बैठकीतच घ्या.

बोलावणे कोणाला?

आता एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही पण धीर लागतो. आपल्या गटात पती गमावलेल्या मैत्रिणी आहेत. बैठकीत त्या आपल्या शेजारी बसतात, हिशेब लिहितात, बँकेत सही करतात. आपल्या अडचणीला पहिला हात त्या वर करतात. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांच्या दारावरून आपण पुढच्या घरी बोलावणे द्यायला जातो. त्या आतून पाहत असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. गावाला ठराव करता येतो, तर आपल्या अंगणात आपल्याला का करता येऊ नये?

बोलावताना 'सवाष्णींना' न म्हणता 'घरातल्या सगळ्याजणींना' म्हणा. तेवढ्याने काही जणी येणार नाहीत. वर्षानुवर्षांची सवय आहे. म्हणून स्वतः जा आणि हात धरून आणा. आल्यावर कुंकू लावू का, हे सगळ्यांदेखत विचारून तिला अवघडून टाकू नका. करंडा समोर ठेवा, जिला लावायचे ती लावेल. तिळगूळ, फूल आणि वाण मात्र सगळ्यांना सारखे. सासूबाई काय म्हणतील याची काळजी असेल तर गटाचे हळदीकुंकू करा. दहा जणींनी मिळून केले की एकटीला बोल लागत नाही.

पुढच्या बैठकीत एवढे करा

विषयपत्रिकेवर 'संक्रांत' हा विषय घ्या. तीन गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहा : वाणाची हद्द दहा रुपये, हळदीकुंकवासाठी कर्ज नाही, आणि बोलावणे सगळ्यांना. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

मग कोणी म्हणाले, "काय बाई, मेथीची जुडी लुटली!" तर हसून सांगा, "हो, पण हप्ता नाही माझ्या डोक्यावर." तिळगूळ द्या आणि तिलाही बैठकीला बोलवा.