तांबड्या दिव्यापाशी शेजारधर्म

मोटार चालविण्यास शिकणाऱ्या माणसाला गाडी सुरू कशी करावी, वळवावी कशी, अरुंद जागेत मागे कशी घ्यावी, हे सारे शिकविले जाते. चौकातील तांबड्या दिव्यापाशी ती उभी कशी ठेवावी, यातही काही शिकण्यासारखे आहे असे मात्र फारसे कोणास वाटत नाही. ब्रेक दाबला की गाडी थांबली, हिरवा दिवा लागला की निघाली, इतका तो सरळ व्यवहार समजला जातो. परंतु ज्या गाडीला क्लचचे पेडल नाही आणि जिचे गिअर आपोआप बदलतात, त्या गाडीच्या बाबतीत हा व्यवहार दिसतो तितका सरळ नाही. चालकाच्या ध्यानीमनी नसताना त्याच्या उभे राहण्याचा त्रास मागच्याला आणि पुढच्याला पोहोचत असतो.

याचे मूळ त्या गाडीच्या रचनेत आहे. डेऱ्यात रवी फिरू लागली की ताक गरगर फिरते आणि त्यावर तरंगणारा लोण्याचा गोळा, रवीचा स्पर्श नसतानाही, ताकाबरोबर फिरू लागतो. स्वयंचलित गिअरच्या जुन्या आणि अजूनही प्रचारात असलेल्या प्रकाराचे तत्त्व हेच होय. इंजिनाला जोडलेले पात्यांचे एक चाक बंद डब्यातील तेल ढवळते आणि समोरचे दुसरे चाक त्या तेलाच्या ओघाने फिरते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजांसाठी. पुढे १९३९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने आपल्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तेलाची अशी जोडणी असलेला स्वयंचलित गिअर आणला आणि सामान्य माणसाच्या मोटारीत त्याचा प्रवेश झाला.

या रचनेत इंजिन मंद गतीने चालत असले तरी तेल ढवळले जातच असते. म्हणून गिअरची दांडी पुढे जाण्याच्या, म्हणजे 'डी'च्या, खुणेवर असेपर्यंत चाकांना थोडासा ओढा मिळत राहतो आणि ब्रेकवरचा पाय उचलताच गाडी हळूहळू पुढे सरकू लागते. भारतात २०१४ नंतर आणखी एका प्रकाराचा बराच प्रसार झाला. त्या वर्षी मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीत आलेल्या या प्रकारात नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअर असतो. फक्त ते चालविण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. यातील पुष्कळ गाड्यांतही सरकण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. विजेच्या गाडीत तेल नाही आणि क्लचही नाही. तरी चालकांना सवयीचे वाटावे म्हणून त्यांपैकी अनेकींना हा गुण हेतुपुरस्सर दिलेला आहे. तात्पर्य, अशी गाडी 'डी'वर उभी असते तेव्हा ती विसावलेली नसते. चालकाच्या उजव्या पायाने तिला थोपवून धरलेले असते.

या थोपवून धरण्याचा पहिला परिणाम मागच्या माणसाच्या डोळ्यांवर होतो. पायाचा ब्रेक दाबलेला असेपर्यंत गाडीचे मागील ब्रेकदिवे पेटलेले राहतात. हे दिवे भरदिवसाही दिसावेत म्हणून जाणूनबुजून प्रखर ठेवलेले असतात. साध्या बल्बच्या गाडीत रात्री सतत जळणारा मागचा दिवा साधारण ५ वॅटचा असतो, तर ब्रेकचा दिवा २१ वॅटचा. त्यात मागच्या काचेपाशी उंचावर बसविलेल्या तिसऱ्या दिव्याची भर पडली आहे. अमेरिकेत १९८६ च्या मोटारींपासून तो सक्तीचा झाला आणि आता तो जगभर आढळतो. मागच्या चालकाला तो चटकन दिसावा हा त्याचा हेतू; म्हणून तो त्याच्या दृष्टीच्या पातळीत येतो. धावत्या गाडीच्या बाबतीत हा मोठाच गुण आहे. परंतु एक-दीड मिनिट जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीत तोच गुण उपद्रवी ठरतो.

हा उपद्रव किरकोळ म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. पावसाळ्याच्या रात्री मागच्या गाडीच्या काचेवरील प्रत्येक थेंब त्या प्रकाशाने लालभडक होतो. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असले, तर प्रत्येक ओरखड्यावर तो प्रकाश फाकतो. वय वाढते तसे डोळ्यातील भिंगही पूर्वीइतके नितळ राहत नाही; मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या माणसाला समोरचा झगमगता दिवा म्हणजे तांबड्या धुक्याचा पडदाच वाटतो. नेमक्या अशा वेळी त्या माणसाला, बाजूच्या अंधारातून रस्ता ओलांडणारी बाई किंवा तिच्या हाताला धरलेले मूल दिसणे आवश्यक असते. पुढच्या चालकाच्या एका आळसाची किंमत अशा रीतीने तिसऱ्याच कोणाला द्यावी लागण्याचा संभव असतो.

ब्रिटनमध्ये हा विचार वाहतुकीच्या नियमावलीतच समाविष्ट झाला आहे. १९३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'हायवे कोड' या पुस्तिकेच्या आजच्या आवृत्तीतील ११४ वा नियम सांगतो, की थांबलेल्या रांगेत चालकाने हातब्रेक लावावा आणि मागची वाहने थांबली की पायाच्या ब्रेकवरून पाय काढावा, म्हणजे मागच्यांच्या डोळ्यांना होणारा त्रास कमी होईल. हातब्रेक ओढल्याने ब्रेकदिवे पेटत नाहीत, हे या नियमाच्या मुळाशी आहे.

हा नियम इंदूरच्या, बेळगावच्या वा वडोदऱ्याच्या चौकातही सहज पाळता येईल. पायाने ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवावी. लगेच पाय उचलू नये. प्रथम आरशात पाहावे. मागे कोणी नसेल, किंवा येणारे वाहन अजून वेगात असेल, तर ब्रेकदिवे पेटलेलेच राहू द्यावेत, कारण त्या क्षणी तेच मागच्याला सावध करीत असतात. मागचे वाहन थांबले की दांडी 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, आणावी, हातब्रेक लावावा आणि मग सावकाश पाय काढावा. पुष्कळ चौकांत सिग्नलपाशी उरलेले सेकंद अंकांनी दाखविले जातात. पाच-सात सेकंदांसाठी हा खटाटोप नको. परंतु अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ उरला असेल तर तो अवश्य करावा. निघताना हाच क्रम उलटा: पाय ब्रेकवर, दांडी 'डी'वर, हातब्रेक सोडावा, समोर व दोन्ही बाजूंना पाहावे, आणि मगच ब्रेक सोडावा. दांडी हलविताना पाय ॲक्सिलरेटरवर असता कामा नये.

येथे काही चुका टाळण्याजोग्या आहेत. दांडी 'डी'वरच ठेवून केवळ हातब्रेकच्या भरवशावर पाय उचलणे बरे नव्हे. हातब्रेक ढिला असेल तर गाडी सरकते. आणि यंत्राने क्लच चालविणाऱ्या काही गाड्यांत तो क्लच घासत राहून तापतो. दुसरी चूक 'पी'ची. 'पी' ही खूण गाडी सोडून जाताना वापरावयाची. बहुतेक गाड्यांत दांडी तेथे नेताना ती मागे जाण्याच्या खुणेवरून जाते, मागचे पांढरे दिवे क्षणभर लुकलुकतात आणि मागचा दुचाकीस्वार दचकतो. शिवाय 'पी'वर असता गिअरमध्ये एक लहानसा खिळा अडकलेला असतो. मागून धक्का बसल्यास तो मोडण्याची भीती असते. तिसरी चूक चढावरची. ब्रेक न वापरता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरणे यात कौशल्य दिसते खरे, पण त्याने तेल अथवा क्लच विनाकारण तापतो. अलीकडच्या काही गाड्यांत पाय उचलला तरी ब्रेक आपोआप धरून ठेवण्याची 'ऑटो होल्ड' नावाची सोय असते. तिने पायाला विश्रांती मिळते. मात्र बहुतेक गाड्यांत तेवढा वेळ ब्रेकदिवे पेटलेलेच राहतात, हे ध्यानात ठेवावे.

मागच्याइतकाच पुढच्याचाही विचार हवा. सरकण्याच्या गुणामुळे अशा गाडीचा चालक नकळत पाय सैल करतो, वीतभर पुढे जातो, पुन्हा थांबतो, आणि असे करता करता थांबण्याची पांढरी रेघ ओलांडून पट्ट्यापट्ट्यांच्या वाटेवर येऊन उभा राहतो. पायी जाणाऱ्यांसाठी राखलेली ती एवढीच जागा. ती अडली की काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याला भर रहदारीतून वळसा घ्यावा लागतो. याखेरीज चालक मागील आसनावरची पिशवी घेण्यासाठी वळला किंवा फोनकडे पाहू लागला, तर ब्रेकवरचा पाय सैल पडतो आणि गाडी समोरच्या माणसावर जाते. न्यूट्रल आणि हातब्रेक यांचा हा दुसरा, आणि कदाचित अधिक मोठा, लाभ होय. पुढे गाडी असल्यास तिची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर राखावे. पुढची गाडी बंद पडली तर बाजूने निघण्यास वाव राहतो आणि रुग्णवाहिका आली तर तिला वाट देता येते.

थांबा लांबचा असेल तर इंजिनच बंद करणे सर्वांत उत्तम. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने तांबडा दिवा लागताच गाडी बंद करण्याची मोहीम काढली, ती हवेच्या शुद्धतेसाठी. तिचा लाभ दुचाकीवर, रिक्षात किंवा पदपथावर, धुराच्या अगदी जवळ असलेल्यांना सर्वांत आधी मिळतो.

चौकात मिनिटभर एकत्र उभे राहणारे हे लोक एकमेकांचे नाव-गाव जाणत नाहीत आणि दिवा बदलताच पांगतात. तरीही तेवढ्या वेळापुरते ते शेजारी असतात. आपल्या घराचा दिवा रात्री शेजाऱ्याच्या खिडकीत पडू नये, आपली खाट त्याच्या वाटेत येऊ नये, एवढी काळजी सभ्य माणूस न सांगता घेतो. तीच काळजी मोटारीत बसल्यावर घेण्यास एक आरशातील दृष्टिक्षेप आणि हाताच्या दोन हालचाली पुरेशा आहेत.