सिद्धटेक : अडलेल्या कामाचा देव

कर्जतमध्ये कोणालाही गावाचं दैवत विचारा, उत्तर येतं संत गोदड महाराज. आषाढ वद्य एकादशीला, कामिकेला, त्यांचा रथ निघतो. राशीनकर जगदंबेचं नाव घेतील आणि तिच्या देवळातल्या हलत्या दीपमाळांचं वर्णन केल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाहीत. तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठावर गेलं की मात्र पहिला मान सिद्धिविनायकाचा. अष्टविनायकांची पाच ठाणी पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला आलेलं एकच, सिद्धटेक.

गणपती हा आरंभाचा देव. लग्नपत्रिकेपासून वहीपूजनापर्यंत पहिलं नाव त्याचं. सिद्धटेकच्या कथा मात्र काम मध्येच अडल्यावर इथे आलेल्यांच्या आहेत, आणि या स्थानाचं खरं महत्त्व मला त्यातच दिसतं.

सर्वांत मोठी कथा विष्णूची. त्याच्या कानातल्या मळातून मधु आणि कैटभ हे दैत्य जन्मले आणि ब्रह्मदेवावर धावून गेले. विष्णू लढला, वर्षानुवर्षं लढला, पण दैत्य मरेनात. तेव्हा शंकरांनी सांगितलं, युद्धाआधी तू गणेशाला आठवलं नाहीस. मग विष्णूने या टेकाडावर येऊन आराधना केली, सिद्धी मिळवली आणि दैत्यांना मारलं. हेच युद्ध दुर्गासप्तशतीच्या पहिल्या अध्यायातही येतं. तिथे ते पाच हजार वर्षं चालतं आणि निर्णायक ठरते महामाया; तीच दैत्यांना भुलवते. म्हणजे प्रसंग एक, विष्णूचं अडणं तेच. देवीभक्तांनी तिथे देवी पाहिली, गाणपत्यांनी गणेश. एकाच तालुक्यात राशीनची जगदंबा आणि सिद्धटेकचा विनायक असल्यावर इथल्या माणसाला या दोन्ही कथा परक्या वाटत नाहीत.

गाभाऱ्यात या कथेची खूण आजही दिसते. मूर्ती स्वयंभू, सुमारे तीन फूट उंच, मांडीवर ऋद्धी-सिद्धी. तिच्या दोन्ही बाजूंना पितळेचे जय-विजय उभे आहेत. जय-विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. मालकाने जिथे हात जोडले तिथे त्यांनाही पहाऱ्यावर उभं राहावं लागलं! आणखी एक विशेष म्हणजे आठांत उजव्या सोंडेची ही एकच मूर्ती. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं सांभाळायला अवघड, म्हणून घरी तो बसवायला माणसं कचरतात. तेच लोक इथे मात्र लांबून येऊन रांग लावतात.

विष्णूने बांधलेलं मूळ देऊळ काळाच्या ओघात नाहीसं झालं आणि पुढे एका गुराख्याला दृष्टांत होऊन मूर्ती सापडली, असं परंपरा सांगते. मोरया गोसावींनी आणि नंतर केडगावच्या नारायण महाराजांनी इथे साधना केली, तीही याच टेकडीच्या ओढीने. आजचा उत्तराभिमुख दगडी गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधवला. त्यांचं जन्मगाव चौंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यात. काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्यांच्या देणग्या पोचल्या, त्या माहेरच्या मुलखातलं हे स्थानही विसरल्या नाहीत, याचं मला मोल वाटतं.

पण सिद्धटेकला खऱ्या अर्थाने माणसाच्या इतिहासाशी जोडलं ते हरिपंत फडक्यांनी. पेशवाईतले हे मोठे सेनापती. १७८६ च्या बदामीच्या मोहिमेत ते होते आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूशी तह झाला तेव्हा मराठ्यांच्या बाजूने तेच पुढे होते. कथा अशी, की एकदा त्यांचं सेनापतिपद गेलं. ते सिद्धटेकला आले, एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि त्यानंतर पद परत मिळाल्याचा निरोप आला. गावापासून देवळापर्यंतची फरसबंदी वाट त्यांच्याच नावाने सांगतात.

इथे थोडं गणित करायला हवं. मूर्ती टेकडीशी एकसंध, म्हणून देवाची प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो. हा फेरा सुमारे पाच किलोमीटरचा मानतात. एकवीस फेरे म्हणजे दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर. घोडदळाचा सेनापती झाला तरी पायी हे होणं शक्य नाही. एकवीस हा आकडा दूर्वांचा, मोदकांचा. गणपतीच्या हिशोबातला तो पूर्णांक आहे. लोकांनी हरिपंतांची चिकाटी त्या आकड्यात बसवली. दरबारातून उतरलेल्या माणसाने वशिला शोधण्याऐवजी काटेरी झुडपांतून टेकडीला फेरे घातले, ही आठवण त्यांना जपायची होती.

भीमेवर पूल होण्याआधी दौंडकडून येणारी माणसं शिरापूरच्या काठावर उतरून होडीने पलीकडे येत. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि सिद्धटेकच्या खालच्या अंगाला नदीचं रूपच पालटलं. आता पुलावरून गाडी थेट पोचते, अष्टविनायकाच्या सहली देवळासमोर थांबतात, दर्शन उरकतं आणि बस रांजणगावची वाट धरते. टेकडीला वळसा घालणारे त्यामानाने थोडे. भाद्रपद आणि माघातल्या उत्सवांत पालखी निघते, तेव्हा गर्दी असते. पण ज्याला हा देव नीट समजून घ्यायचा आहे, त्याने उत्सवाचा दिवस टाळून यावं, ऊन चढायच्या आत निघावं आणि तो पाच किलोमीटरचा फेरा पायी पुरा करावा. पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. वाटेत सावली कमी आहे.