कोरडवाहू गहू

पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर, सिंचनाशिवाय अथवा पाण्याच्या एखाद्या पाळीवर, रबी हंगामात घेतल्या जाणाऱ्या गव्हास ‘कोरडवाहू गहू’ म्हणतात. महाराष्ट्रात हे पीक मुख्यतः दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनींत घेतात. थंड हवामान मानवणारे हे पीक येथे लागवडीच्या उष्ण सीमेवर आहे. त्यामुळे पाण्याची टंचाई व वाढते तापमान असे दोन ताण त्याला बहुधा एकाच वेळी सोसावे लागतात.

परिस्थिती : सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी व बेभरवशाचा असून त्याचा जोर सप्टेंबरात असतो. म्हणून भारी जमिनी खरिपात पडीक ठेवून पाणी मुरवावयाचे व त्या ओलीवर रबीचे पीक घ्यावयाचे, अशी येथील जुनी रीत आहे. खोल काळ्या जमिनीच्या एक मीटर थरात पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५ ते २० सेंमी. पाणी साठू शकते. पेरणीनंतर फारसा पाऊस नसल्याने पिकाचे आयुष्य या साठ्यावरच अवलंबून असते. जिल्ह्यात रबी ज्वारीचे प्राबल्य आहे, त्याचे कारणही हेच होय. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेला ‘मालदांडी ३५–१’ हा ज्वारीचा वाण अशाच ओलीवर तग धरतो. गव्हाला ज्वारीइतकी उष्णता व अवर्षण सोसत नाही.

ताणाचे परिणाम : पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे पीक थंड राहते. जमिनीतील ओल कमी झाली की पर्णरंध्रे मिटतात. त्यामुळे पाण्याची बचत होते, परंतु अन्ननिर्मिती मंदावते व पानांचे तापमान वाढते. अशा रीतीने पाण्याचा ताण उष्णतेचा ताण अधिक तीव्र करतो. फुलोऱ्याच्या वेळी उष्णता वाढल्यास परागकण निकामी होऊन ओंबीतील दाण्यांची संख्या घटते. दाणे भरताना तापमान सतत ३०° से.च्या वर राहिल्यास पाने लवकर पिवळी पडतात, स्टार्च तयार करणाऱ्या एंझाइमांचे कार्य मंदावते व दाणे भरण्याचा काळ आखूड होऊन ते बारीक व सुरकुतलेले राहतात. अशा वेळी खोडात साठविलेली शर्करा दाण्यांकडे वळवून पीक काही प्रमाणात नुकसान भरून काढते.

उपाय : (१) ओल साठविणे : मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले. १९३३ मध्ये सोलापूर येथे संशोधन केंद्र निघाले. या प्रयत्नांतून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, कुळवाच्या पाळ्या, विरळ पेरणी व कोळपणी यांवर आधारलेली ‘मुंबई पद्धत’ तयार झाली. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला; सोलापूर हे त्याचे एक केंद्र आहे. पावसाळ्यात शेतात लहान चौकोनी वाफे पाडल्यास पाणी जागीच मुरते. पीक उभे असताना कोळपे चालविल्याने तण निघते, जमिनीच्या भेगा बुजतात व वरचा मोकळा थर आच्छादनाचे काम करतो.

(२) पेरणीची वेळ : कोरडवाहू गव्हाची पेरणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करतात. फार लवकर पेरल्यास कोवळे पीक उष्णतेत सापडते. उशीर झाल्यास वरची ओल उडून उगवण विरळ होते व दाणे उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. बी व खत दोन चाड्यांच्या पाभरीने ओलीत पेरतात.

(३) वाण : दख्खनमध्ये कोरडवाहू लागवडीसाठी पूर्वीपासून बन्सी (कठीण दाण्याचा) गहू प्रचलित आहे. निफाड (जि. नासिक) येथील गहू संशोधन केंद्राने काढलेला ‘पंचवटी’ हा बन्सी वाण जिरायती लागवडीसाठी, तर ‘नेत्रावती’ हा सरबती वाण जिरायती व मर्यादित पाण्याच्या लागवडीसाठी आहे. लवकर पक्व होणे, मुळे खोल जाणे, पानांवर मेणाचा थर असणे व खोडातील साठा दाण्यांकडे नेण्याची क्षमता हे गुण निवडीत महत्त्वाचे मानतात.

(४) संरक्षक पाणी : एकच पाळी शक्य असल्यास ती पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी, दोन शक्य असल्यास २० ते २२ व ६० ते ६५ दिवसांनी देतात. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर जिल्ह्यातील सिंचन वाढले. परंतु लाभक्षेत्रात उसाचा विस्तार झाला आणि त्याबाहेरील गव्हाची स्थिती फारशी पालटली नाही.

बदलते हवामान : जागतिक तापमान १° से.ने वाढल्यास गव्हाचे जागतिक उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असे अनेक प्रतिमानांच्या एकत्रित अभ्यासातून २०१५ मध्ये दिसून आले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने गव्हाच्या प्रकाशसंश्लेषणास काहीशी मदत होते. मात्र दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण घटते. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर भारतात दाणे भरण्याच्या सुमारास उष्णता वाढून उत्पादनास फटका बसला व त्या वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. जी समस्या सोलापूरच्या शेतकऱ्याला दरवर्षीची आहे, ती अशा रीतीने सुपीक व बागायती प्रदेशांतही उद्भवू लागली आहे.

तथापि कोणताही वाण ओलीची उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. उष्णता वाढण्यापूर्वी दाणे भरावेत व तोपर्यंत मुळांशी पाणी उरावे, हे पेरणीची वेळ, मशागत व वाण यांच्या मेळानेच साधते. ज्या वर्षी सप्टेंबरात पुरेसा पाऊस पडून जमिनीत ओल साठत नाही, त्या वर्षी गव्हाऐवजी ज्वारी किंवा करडई पेरणे हाच सोलापूरच्या शेतकऱ्यास सुरक्षित मार्ग ठरतो.