यकृताला 'फॅट' किती लागलं?

दोस्तांनो, भंडारा जिल्ह्यातल्या डेअरीवर दुधाचं 'फॅट' काढतात ना? तसंच ते आपल्या यकृताचंही काढता येतं बरं का!

एमआरआय यंत्राच्या जबरदस्त चुंबकात पाण्यातली आणि चरबीतली हायड्रोजनची अणुकेंद्रं किंचित वेगळ्या वेगानं डोलतात. या फरकावरून दोन्ही वेगळी ओळखायची युक्ती डिक्सन यांनी १९८४ साली मांडली. सुईनं काढलेला तुकडा एकाच जागेची चरबी सांगतो. एमआरआय अख्ख्या यकृताची, तीही टक्क्यांत!

सुमारे ५ टक्क्यांहून जास्त चरबी म्हणजे 'फॅटी लिव्हर'. तो मुलांनाही होतो आणि बहुधा दुखतही नाही. पण वेळीच कळला, तर गोड पेयं सोडून, मैदानावर घाम गाळून चरबी उतरवता येते. मग, आई-बाबांनाही नेणार ना खेळायला?