विश्लेषण : वारसा इमारतीवर दुकानाची पाटी लावायची कशी? नियम दोन, कमान एक

दुकानांवर मराठी पाट्या लावण्याच्या सक्तीनंतर मुंबईत हजारो फलक बदलले गेले. त्यातले बरेच फोर्टसारख्या भागातल्या जुन्या दगडी इमारतींवरही आहेत. तिथे मात्र फलक बदलणे म्हणजे केवळ रंगाऱ्याला बोलावणे नव्हे. पाटीवर काय लिहायचे हे एक कायदा सांगतो, तर ती कुठे आणि कशी लावायची हे वारसा जतनाचे नियम सांगतात. दुकानदाराची गोची इथेच होते.

मराठी पाटीचा नियम नेमका काय?

दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी लिपीत, मराठीत हवी. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची सूटही तेव्हाच संपली. दुसरी भाषा चालते, पण मराठी नाव आधी हवे आणि मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपताच महापालिकेने तपासणी सुरू केली.

आता हा नियम नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात फलक मोठा करा असे कुठेही म्हटलेले नाही. अक्षरांचा आकार तुलनेत ठरवायचा आहे. म्हणजे जुन्याच पट्टीवर इंग्रजी नाव लहान करून मराठी नाव वर आणले तरी कायदा पाळला जातो. प्रत्यक्षात अनेकांनी इंग्रजी पाटी तशीच ठेवून तिच्यावर आणखी एक तेवढीच पाटी चढवली, आणि मागची कमान झाकली गेली.

एक अडचण खरी आहे. रोमन कॅपिटल अक्षरे एका सरळ पट्टीत बसतात. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या पट्टीत मूळ अक्षर बारीक होते. जुन्या इमारतींवरच्या पट्ट्या रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या असतील, तर पाटी बनवणाऱ्याला हे गणित आधी सांगावे लागते.

वारसा नियमांत पाटी कुठून आली?

मुंबईत १९९५ मध्ये वारसा जतनाची नियमावली लागू झाली. शहरातल्या वास्तूंसाठी अशी नियमावली करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. वास्तूंची श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशी विभागणी झाली. श्रेणी एकमधील वास्तूला जवळपास हात लावता येत नाही. श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक आहे. बदलाचे प्रस्ताव मुंबई वारसा जतन समितीपुढे जातात. समितीत वास्तुविशारद, अभियंते, इतिहासाचे अभ्यासक असतात. समिती सल्ला देते, आदेश महापालिका आयुक्तांचा असतो. पाट्या, जाहिरातफलक आणि रस्त्यावरचे बाक-दिवे यांसाठी सूचना आखण्याची तरतूदही या नियमावलीत होती.

बहुतेकांना वाटते की वारसा समिती म्हणजे इमारत पाडण्यापासून वाचवणारी यंत्रणा. पण इमारत न पाडताही ती दिसेनाशी करता येते. त्याला दोन-तीन ग्लो साइन पुरतात.

दादाभाई नौरोजी मार्गावर काय घडले?

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते हुतात्मा चौक हा दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे जुना हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर हा रस्ता रुंद झाला. १८९६ च्या कायद्यानुसार इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवणे बंधनकारक झाले. इमारतींच्या शैली वेगवेगळ्या, कुणी गॉथिक, कुणी अभिजात युरोपीय, पण खालच्या कमानी सगळ्यांना एका ओळीत बांधतात. पाऊस असो वा ऊन, आजही माणसे याच कमानींखालून स्टेशन गाठतात.

नव्वदच्या दशकापर्यंत या कमानींवर खांबापासून खांबापर्यंत फलक आडवे झाले होते. तेव्हा वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास केला. कुठल्या इमारतीवर पाटी कुठे बसेल, हे दुकानागणिक दाखवले. तत्त्व सोपे होते : पाटी कमानीच्या आत बसावी, खांब आणि कोरीव काम मोकळे राहावे. एमएमआरडीएच्या वारसा संस्थेची मदत होती, पण खरे काम दुकानदारांना पटवण्याचे होते. अनेकांनी फलक स्वतःहून हलवले. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाची दखल घेतली गेली. दंडाच्या नोटिशीपेक्षा दुकानदाराच्या हातात दिलेले त्याच्याच दुकानाचे चित्र जास्त उपयोगी पडले, असे म्हणायला हरकत नाही.

फक्त दिसण्याचाच प्रश्न आहे का?

नाही. मोठा फलक वाऱ्यात तग धरावा म्हणून भिंतीत लोखंडी बोल्ट ठोकले जातात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ते गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. आत जागा नसल्याने तो दगडावर आतून दाब देतो आणि दगडाची कड तडकते. तडेत पावसाचे पाणी शिरते, बोल्ट आणखी गंजतो. कोरीव कामासाठी वापरलेला पोरबंदरचा चुनखडक मऊ असल्याने तो लवकर सुटतो. सुटलेला तुकडा पडतो तो खालून चालणाऱ्याच्या डोक्यावर. पत्र्याच्या बंद पेटीमागे ओल साचते आणि वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही, ते वेगळेच.

म्हणून संवर्धक तीन गोष्टींचा आग्रह धरतात. भोक दगडात न पाडता दोन दगडांमधल्या सांध्यात पाडावे, बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असावा आणि बंद पेटीऐवजी सुटी अक्षरे लावावीत. सुट्या अक्षरांमागून हवा खेळते, मागची भिंतही दिसते.

पाटी हीच वारसा असेल तर?

१९३३ चे रीगल आणि १९३८ चे इरॉस ही चित्रपटगृहे नावाच्या अक्षरांसकट ओळखली जातात. ओव्हल मैदान आणि मरिन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींच्या दारांवरची नावेही रचनेचाच भाग आहेत. अशी अक्षरे उखडून नवा फलक लावणे हेही वारशाचे नुकसानच. इथे मराठी नाव शेजारी, स्वतंत्र अक्षरांत देता येते.

दुकानदाराने आधी काय पाहावे?

इमारत वारसा यादीत आहे का आणि तिची श्रेणी कोणती, हे महापालिकेच्या यादीत पाहता येते. नसली तरी ती वारसा परिसरात येत असेल तर नियम लागू होऊ शकतात. विजेवर उजळणाऱ्या फलकाला पालिकेचा परवाना लागतो. अर्जासोबत इमारतीच्या दर्शनी भागाचा फोटो आणि त्यावर पाटीची मापे टाकलेले रेखाचित्र जोडले तर चर्चा नेमकी होते. आणि जुना फलक काढल्यावर उरलेली भोके सिमेंटने बुजवू नयेत. सिमेंट मऊ दगडापेक्षा कडक असल्याने शेजारचाच दगड आधी झिजतो. तिथे चुन्याचा गिलावा लागतो आणि तो करणारा गवंडी आधी शोधून ठेवावा लागतो.